बेटाचे राखणदार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ‘निवृत्तीनंतरचे जीवन’ या विषयावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘निवृत्तीनंतरचे जीवन’ या विषयावर मी काही विचार मांडावेत अशी आज्ञा संयोजकांनी केली. मी कापडाचा व्यापारी. बी.कॉम. झालो आणि वडिलांच्या शेजारी गादीवर बसलो, तो आजतागायत. आरोग्य आणि गुंतवणूक या दोन्ही बाबतींत माझ्याहून अधिक अधिकाराने बोलणारे वक्ते या सभागृहात आहेत. म्हणून मी एक अगदी निराळा विषय निवडला आहे. आयुष्यभर नोकरी किंवा व्यवसाय करून निवृत्त झालेले पती-पत्नी उष्ण कटिबंधातील समुद्रात, दुसऱ्याच्या मालकीच्या एखाद्या लहानशा बेटावर राखणदार म्हणून जाऊन राहतात. पाश्चात्त्य देशांत ही गोष्ट आता फारशी नवलाची राहिलेली नाही. आपल्यापैकी कोणी उद्या बोचके बांधून तिकडे निघेल, अशी माझी अपेक्षा नाही. परंतु या लोकांविषयी वाचताना निवृत्तीचे जे प्रश्न आपण घरात मोठ्याने उच्चारत नाही, ते माझ्यासमोर स्पष्ट उभे राहिले. तेच आज आपणासमोर ठेवतो.

बेटाचा राखणदार ही कल्पना जगभर गाजली ती २००९ साली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या पर्यटन खात्याने त्या वर्षाच्या आरंभी एक जाहिरात दिली. हॅमिल्टन बेटावर सहा महिने राहायचे, प्रवाळांच्या सागरात पोहायचे, अनुभव लिहायचे आणि त्याबद्दल दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर घ्यायचे. पदाचे नाव होते ‘बेटाचा राखणदार’. चौतीस हजारांहून अधिक अर्ज आले आणि एका इंग्रज तरुणाची निवड झाली. मुदत संपण्यास थोडे दिवस उरले असताना, डिसेंबर २००९ मध्ये, त्याला इरुकांजी नावाचा विषारी जेलिफिश डसला. हा प्राणी नखाएवढा असतो आणि पाण्यात दिसतही नाही. परंतु त्याच्या दंशाने माणूस असह्य वेदनांनी तळमळतो. सुदैवाने तो तरुण बचावला. एकंदरीत ती पर्यटनाची जाहिरात होती. तिच्यात राखण करण्याजोगे फारसे काही नव्हते.

खरी राखण याहून वेगळी असते. कॅरिबियन समुद्रात, बहामामध्ये, पॅसिफिक आणि हिंदी महासागरांत अनेक लहान बेटे धनिकांच्या मालकीची आहेत. मालक वर्षातून काही आठवडे येतो. उरलेले दिवस घर, नौका, बाग आणि यंत्रे कोणाच्या तरी हवाली करावी लागतात. अशा जागांच्या जाहिरातींना वाहिलेले ‘केअरटेकर गॅझेट’ नावाचे एक नियतकालिक अमेरिकेत १९८३ पासून निघू लागले. अशा कामांत बहुधा जोडप्याला पसंती असते आणि जोडपे मध्यमवयीन किंवा निवृत्त असल्यास अधिकच. त्याची कारणे व्यवहाराची आहेत. एकाला इंजिन आणि नौका कळावी, दुसऱ्याला घर, कोठी आणि हिशेब सांभाळता यावा. शिवाय मुले मार्गी लागलेली असतात, शाळेचा प्रश्न नसतो आणि निवृत्तिवेतन असल्याने तुटपुंज्या मोबदल्यावर माणसे राजी होतात. अनेक ठिकाणी राहायला घर मिळते, शिधा मिळतो, आणि हातात पडणारी रक्कम बेताचीच असते.

आता या कामाचे स्वरूप पाहू. आपण कापडवाले दमट हवेला किती भितो, हे इथे बसलेल्या माझ्या व्यवसायबंधूंना सांगायला नको. पावसाळ्यात तागे उलटेपालटे केले नाहीत, तर घडीच्या रेषेवर डाग पडतो, बुरशी धरते, कसर लागते. उष्ण कटिबंधातील बेटावर बाराही महिने असेच दिवस, आणि त्यात भर खाऱ्या वाऱ्याची. कुलूप, बिजागरी, जनित्र, नौकेचे इंजिन, सगळ्यांना गंज खातो. नौकेच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटते, ते खरवडावे लागते. नारळाच्या झावळ्या आणि फळे पडून छपराची हानी होते. कासवे अंडी घालण्यासाठी किनाऱ्यावर येतात, त्या हंगामात रात्री समुद्राकडचे दिवे मंद करावे लागतात, नाहीतर पिल्ले पाण्याऐवजी उजेडाकडे धावतात. सकाळी जे काम उरकले, तेच पुढच्या आठवड्यात पुन्हा समोर उभे राहते. या कामाचा निकाल असा कधी लागत नाही. सर्व काही काल होते तसेच आज आहे, इतकेच राखणदाराचे यश. आणि ते पाहायला मालक जागेवर नसतो.

पाण्याची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती हिशेबाच्या माणसाला विशेष पटेल. लहान बेटावर नदी नसते. छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवतात. प्रवाळांच्या बेटात याशिवाय निसर्गाचा आणखी एक साठा असतो. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर तरंगत राहते. भिंगाच्या आकाराचा तो गोड्या पाण्याचा थर असतो. विहिरीतून बेताने उपसा केला, तर पुढच्या पावसात तो भरून येतो. अधिक उपसा केला, तर खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर दीर्घकाळ निकामी होते. आपल्या वडीलधाऱ्यांनी व्याजावर घर चालवावे, मुदलाला हात लावू नये, असे शिकवले. बेटावर हा नियम मोडणाऱ्याला तहानेने व्याकूळ व्हावे लागते.

दुसरी गोष्ट वादळाची. दक्षिण गोलार्धात साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल आणि कॅरिबियन भागात जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. मालक बहुधा त्याच काळात येण्याचे टाळतो. राखणदाराने मात्र त्याच काळात अधिक दक्ष राहायचे असते.

आता ज्या दाम्पत्यामुळे मी या विषयाकडे ओढला गेलो, त्यांची हकीकत सांगतो. ती जुनी आहे, पण तिच्यात या जीवनाची सर्व अंगे आली आहेत. एडमंड बॅनफील्ड यांचा जन्म १८५२ सालचा, इंग्लंडमधील. पुढे ते ऑस्ट्रेलियात वाढले आणि क्वीन्सलँडमधील टाउन्सव्हिल शहरात वृत्तपत्राचे उपसंपादक झाले. वर्षानुवर्षे रात्रीचा दिवस करून काम केल्यामुळे त्यांची प्रकृती पार ढासळली. तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, डंक नावाच्या बेटाचा काही भाग सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतला आणि सप्टेंबर १८९७ मध्ये पत्नी बर्था यांच्यासह ते तेथे राहावयास गेले. वय पंचेचाळीस. त्यांच्या परिचितांपैकी अनेकांना ते फार दिवस जगतील असे वाटत नव्हते.

हे बेट मुख्य किनाऱ्यापासून अवघ्या चार-साडेचार किलोमीटरवर आहे. परंतु त्या काळी त्या किनाऱ्यावरही वस्ती तुरळकच होती. तो प्रदेश अतिवृष्टीचा. जवळच्या टली या गावी १९५० साली सुमारे ७,९०० मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या महाबळेश्वरची वार्षिक सरासरीही यापुढे कमीच भरते. अशा ठिकाणी हे दाम्पत्य आधी तंबूत, मग साध्या लाकडी खोपटात आणि नंतर आपल्या बंगल्यात राहिले. फळझाडे लावली, भाजीपाला केला, गाई-शेळ्या आणि मधमाश्या पाळल्या. आठवड्यातून एकदा आगबोट टपाल घेऊन येई. बेट निर्मनुष्य मुळीच नव्हते. तेथील मूळ रहिवाशांच्या पिढ्या त्या भूमीवर नांदल्या होत्या, त्यांचे बेटाला स्वतःचे नाव होते, आणि त्यांच्यापैकी काही जण बॅनफील्ड यांच्याकडे कामाला होते. त्यांची भाषा आणि चालीरीती बॅनफील्ड यांनी टिपून ठेवल्या.

बेटावर पाऊल ठेवल्यापासून त्यांनी एक निश्चय पाळला. तेथील पक्ष्यांवर कोणी बंदूक चालवायची नाही. त्यांच्या आग्रहामुळे पुढे सरकारने बेटाला पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून संरक्षण दिले आणि त्याचे मानद रक्षक म्हणून त्यांचीच नेमणूक केली. या सभागृहातील श्रोत्यांना या गोष्टीचे महत्त्व समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. भाड्याने घेतलेल्या जमिनीवरचा हा माणूस तिथल्या प्रत्येक घरट्याचा पहारेकरी झाला. त्या जीवनावर त्यांनी लिहिलेला पहिला ग्रंथ १९०८ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे आणखी पुस्तके आली. मार्च १९१८ मध्ये भीषण चक्रीवादळ आले. त्याने किनाऱ्यावरील इनिसफेल हे गाव जवळजवळ उद्ध्वस्त केले आणि या बेटावरील वृक्षराजीचीही फार हानी केली. त्या वेळी बॅनफील्ड पासष्ट वर्षांचे होते. तरीही ते दोघे बेट सोडून गेले नाहीत.

ज्यांच्या आयुष्याची खात्री कोणी देत नव्हते, ते बॅनफील्ड त्या बेटावर जवळजवळ सव्वीस वर्षे जगले. २ जून १९२३ रोजी पोटाच्या आजाराने त्यांचे निधन झाले. त्या क्षणी बेटावर बर्था एकट्याच होत्या. निरोप धाडायला माणूस नव्हता, हाकेला ओ देणारे कोणी नव्हते. पतीच्या पार्थिवाजवळ त्यांनी तीन दिवस काढले. अखेर जाणाऱ्या एका आगबोटीला त्यांनी खुणावले, ती थांबली, खलाशांनी शवपेटी तयार केली आणि बेटावरच दफन केले. बर्था पुढे दहा वर्षे जगल्या. १९३३ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या अस्थीही त्याच जागी विसावल्या.

हे तीन दिवस माझ्या मनातून जात नाहीत. बेटावरील निवृत्त जीवनाची चित्रे पाहताना आपल्याला निळे पाणी आणि शुभ्र वाळू दिसते. परंतु जोडप्यातील एक जण आधी जाणार आणि दुसऱ्याने मागे राहायचे, हा प्रश्न तिथे जितका उघडा आहे, तितकाच तो आपल्या शहरातील सदनिकेतही आहे. फरक इतकाच की आपल्याकडे शेजारी आणि दूरध्वनी असल्याने आपण त्याचा विचार पुढे ढकलू शकतो. आज बेटांवर बिनतारी यंत्रणा आहेत, उपग्रहाचे फोन आहेत, रुग्णाला उचलून नेणारी विमाने आहेत. तरीही समुद्र खवळलेला असेल, तर मदत येण्यास वेळ लागतोच.

एकट्याने असे राहणे किती कठीण, हे टॉम नील या न्यूझीलंडच्या गृहस्थांच्या आयुष्यावरून कळते. कुक बेटांच्या समूहातील सुवारो नावाच्या निर्जन प्रवाळद्वीपावर ते १९५२ साली गेले आणि तीन खेपांत मिळून सुमारे सोळा वर्षे तेथे राहिले. १९५४ साली त्यांची पाठ अचानक दुखावली, हलताही येईना. काही दिवसांनी योगायोगाने एक शिडाची नौका तेथे आली म्हणून ते वाचले. १९७७ साली ते निवर्तले. पुढील वर्षी सुवारो राष्ट्रीय उद्यान झाले. आता तेथे वादळांचा काळ वगळून उरलेले महिने सरकारचे राखणदार राहतात.

ही सर्व माहिती मी घरी आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “तिथे दुपारी दोन वाजता तुम्ही काय कराल?” मी म्हणालो, “म्हणजे काय?” त्या म्हणाल्या, “लग्नाला एकोणचाळीस वर्षे झाली. दुपारी दोन वाजता तुम्ही घरी आहात, असे सणवार सोडून कधी झाले आहे का? बेटावर तर आपण दोघेच असणार. आपण बोलणार कशाविषयी?”

बंधू-भगिनींनो, निवृत्तीवरील अनेक व्याख्याने मी ऐकली, पण इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. आपण व्यापारी लोक चाळीस वर्षे गिऱ्हाइकांशी बोलतो, आडत्याशी बोलतो, हिशेबनिसाशी बोलतो. घरी बोलतो ते मुलांच्या फीविषयी, लग्नकार्याविषयी, येण्या-जाण्याविषयी. मुले मार्गी लागली आणि दुकानाच्या किल्ल्या पुढच्या पिढीच्या हाती गेल्या की पती-पत्नी समोरासमोर येतात. तीच खरी बेटावरची पहिली सकाळ. राखणदार जोडप्यांना या बाबतीत एक सोय असते. त्यांच्यामध्ये काम असते. टाकीत पाणी किती उरले, शिध्याची बोट कधी येणार, पश्चिमेकडचे पत्रे पुन्हा ठोकायचे का, अशा गोष्टींवर दोघांना एकत्र निर्णय घ्यावे लागतात. कामाच्या निमित्ताने बोलणे सुरू होते आणि मग पुढे जाते. आमच्या घरीही या प्रश्नाचे उत्तर आम्ही दोघे मिळून शोधत आहोत. दिवाळीपासून मी दुकानात सकाळचे दोन तासच बसतो. घराच्या गच्चीवरील कुंड्यांची निगा आम्ही दोघांनी मिळून करावी, असे त्यांनी ठरवले आहे आणि मी ते मान्य केले आहे.

आता मालक आणि राखणदार यांच्यातील भेदाविषयी. सेशेल्स देशातील मोयेन नावाचे सुमारे चोवीस एकरांचे बेट ब्रेंडन ग्रिमशॉ या इंग्रज संपादकांनी १९६२ साली आठ हजार पौंडांना विकत घेतले. पूर्व आफ्रिकेतील वृत्तपत्रीय कारकीर्द आटोपून ते पुढे तेथेच स्थायिक झाले. रेने लाफॉर्च्यून या स्थानिक सहकाऱ्याच्या साथीने त्यांनी माजलेले रान साफ केले, वाटा आखल्या, सुमारे सोळा हजार झाडे लावली आणि शंभराहून अधिक महाकाय कासवे पाळून वाढवली. बेटाला पाच कोटी डॉलरपर्यंत देकार आल्याचे ते सांगत. त्यांनी तो नाकारला. २००८ साली सरकारशी करार होऊन मोयेनला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि त्याच्या देखभालीसाठी विश्वस्त संस्था झाली. जुलै २०१२ मध्ये ग्रिमशॉ वारले. बेट आजही सामान्य प्रवाशांना पाहता येते.

मूळ किंमत आठ हजार पौंड आणि देकार पाच कोटी डॉलर. हा सौदा नाकारणाऱ्याला बाजारात वेडा म्हणतील. पण विक्री झाली असती, तर ती झाडे आणि ती कासवे कोणाच्या हवाली गेली असती, असा विचार त्या गृहस्थांनी केला. कायद्याने मालक असूनही ते विश्वस्ताप्रमाणे वागले. अपरिग्रहाचा उपदेश आपण बालपणापासून ऐकत आलो. वस्तू जवळ असूनही ‘माझी’ ही भावना सैल करत जाणे म्हणजे काय, हे मला या परधर्मीय माणसाच्या हिशेबातून अधिक उलगडले. उलट बाजूने पाहिले, तर डंक बेटावर पुढे आलिशान विश्रामधाम उभे राहिले. फेब्रुवारी २०११ मधील यासी चक्रीवादळात त्याची मोठी हानी झाली आणि ते बंद पडले. वादळाने दोन्ही पिढ्यांना तपासले. बॅनफील्ड दाम्पत्य वादळानंतरही तिथेच राहिले. व्यवसायाला मात्र नफा-तोट्याचा विचार करून निघून जावे लागले. व्यापारी म्हणून मी त्याला दोष देत नाही. परंतु राखण आणि व्यवसाय यांतला फरक इथे दिसतो.

कोणाची मुले परदेशी असतील आणि कोणाला असे काम खरोखरच खुणावत असेल, तर चार गोष्टी आधी पारखून घ्याव्यात. पहिली, करार लेखी असावा. मुदत, मोबदला, सुट्टी आणि काम सोडण्याची अट त्यात स्पष्ट असावी. दुसरी, आजारपणात रुग्णाला बेटावरून हलवण्याचा खर्च कोणाचा, हे आधी ठरावे. तो खर्च आयुष्याची बचत गिळू शकतो. तिसरी, दोघांपैकी प्रत्येकाला नौका, बिनतारी यंत्र आणि प्रथमोपचार आलेच पाहिजेत. एकाला येते म्हणून दुसऱ्याने निश्चिंत राहणे धोक्याचे. चौथी गोष्ट आपल्या आचाराशी निगडित आहे. जहाजांतून आलेले उंदीर बेटांवरील पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले खातात, म्हणून अनेक बेटांवर विष घालून त्यांचे निर्मूलन केले जाते. पॅसिफिकमधील पामायरा द्वीपावर २०११ साली हे करण्यात आले आणि तेथील पक्ष्यांना व वनस्पतींना त्याचा लाभ झाला, हेही खरे आहे. एका जिवाच्या रक्षणासाठी दुसऱ्याचा नाश, हे आपल्यातील पुष्कळांना स्वीकारता येणार नाही. ते काम आपल्या वाट्याला येणार का, हे जाण्यापूर्वीच विचारावे.

ज्यांना समुद्र ओलांडायचा नाही, त्यांच्यासाठीही राखण्याजोगे बरेच काही आहे. एखादे जुने ग्रंथालय, एखादी पांजरपोळ, यात्रेच्या वाटेवरील एखादी धर्मशाळा, गावाबाहेरची एखादी विहीर. तिथे पती-पत्नी दोघांनी मिळून दिवसातले दोन तास द्यावेत. वस्तू आपली नसावी, पण तिची काळजी आपल्याकडे असावी. तिथल्या किल्ल्यांचा जुडगा दोघांपैकी कोणाकडेही सापडावा आणि एक जण गेल्यावर दुसऱ्याला ते काम आणि त्या कामातली माणसे धरून ठेवतील, इतकी त्यांची ओळख झालेली असावी. ही जुळवाजुळव साठीत करावी लागते. सत्तरीनंतर ती जड जाते.

पन्नास वर्षे या ट्रस्टची वास्तू, हिशेब आणि परंपरा ज्यांनी सांभाळली, त्यांच्यासमोर राखणदारीविषयी बोलणे हा थोडा आगाऊपणाच झाला.